पिवळा ताणा

उदय : तीनदा केलं. तीनदा तेच आलं.

योगिनी : किती?

उदय : आधी बस. उन्हातून आलीस, घोटभर पाणी पी.

योगिनी : बाबा, किती?

उदय : चार पॉइंट दोन. लोखंड. पिण्याच्या पाण्यात पॉइंट तीन चालतं, आणि हे चार पॉइंट दोन. तू बाटली भरलीस तेव्हा पाणी स्वच्छ दिसत होतं ना?

योगिनी : एकदम स्वच्छ. मी प्यायलेसुद्धा.

उदय : तेच तर. बोअरमधून येतं तेव्हा काही दिसत नाही. हवा लागली की गंजतं. हे बघ, बुडाशी कसा विटकरी गाळ बसलाय. सौंसरच्या त्या विणकर प्रभाकरकाकांच्या अंगणात नळाखाली लाल डाग होते का फरशीवर?

योगिनी : होते. मी फोटो काढले त्यांचे.

उदय : कशाला?

योगिनी : छान दिसत होते म्हणून. माझ्या फाइलमध्ये पूर्ण पान आहे त्या डागांचं. हसू नका.

उदय : हसत नाहीये मी.

योगिनी : म्हणजे माझ्यामुळेच झालं सगळं.

उदय : लोखंडामुळे झालं.

योगिनी : यार बाबा, प्लीज. रंगातल्या हिरड्याला लोखंड लागलं की काळं पडतं, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलंय. पेपरात आलं होतं, पाच मार्कांना. पाचपैकी पाच मिळाले होते मला. आणि तिथे जाऊन डोक्यातच आलं नाही.

उदय : पण येणार कसं? इथं भोपाळला तर काय सुरेख रंग आला होता! दोरीवर तुझ्या लडी वाळत होत्या, तर शेजारच्या शालिनीताई विचारायला आल्या, कुणाची हळद आहे का म्हणून. अख्ख्या बरखेडा कॉलनीत तसा पिवळा नव्हता.

योगिनी : आणि इथे कोणत्या पाण्यात रंगवलं मी?

उदय : तू आधी पाणी पी.

योगिनी : बोला ना.

उदय : माझ्या.

योगिनी : तुमच्या प्लांटच्या डीएम पाण्यात. तीन महिने सगळे सॅम्पल त्यातच केले मी.

उदय : अकरा कॅन. स्कूटरच्या पायाशी ठेवून आणायचो. गेटवर कुणी विचारलं तर सांगायचो, बॅटरीत घालायला नेतोय. मला वाटायचं, पोरीचा रंग पहिल्या नंबरचा यायला हवा. अगं, ज्या पाण्यात मीठ नाही, चुना नाही, लोखंड नाही, काही म्हणता काही नाही, त्यात कुठलाही रंग सोन्यासारखाच येणार! आणि एकदाही मी तुला म्हटलं नाही की बेटा, असं पाणी बाहेर कुणाच्याच घरी नसतं.

योगिनी : तुम्ही मदतच करत होता.

उदय : एकतीस वर्षं मी पाणी तपासतोय. नवा माणूस लागला की पहिल्या दिवशी सांगतो, बाबा रे, पाणी बदललं की सगळं बदलतं. बाहेरच्या पोरांना सांगतो. घरात सांगायचं राहिलं.

योगिनी : त्यांनी विचारलं होतं, बाबा.

उदय : कुणी?

योगिनी : प्रभाकरकाकांनी. ताणा भिजवायच्या आधी. बादली हातात घेऊन उभे होते आणि म्हणाले, "आमचं बोअरचं पाणी चालन का, पोरी? का नदीचं आणू?" मी म्हटलं, काका, कोणतंही चालतं, हा निसर्गाचा रंग आहे.

उदय : असं म्हणालीस?

योगिनी : अगदी असंच. हसत म्हटलं. वर त्यांना नदीवरचं लेक्चरही दिलं होतं. वीस वर्षं ते पुडीचा रंग वापरतात, उकळतात आणि उरलेलं पाणी नाल्यात ओततात. मी त्यांना मोबाइलवर मेलेले मासे दाखवले. बिचारे ऐकून घेत होते. दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाले, आमच्या केतकीच्या लग्नाच्या साडीला तुझाच रंग देऊ, पोरीच्या अंगावर चांगली गोष्ट जावी.

उदय : म्हणजे तो ताणा तुझ्या प्रोजेक्टचा नव्हता?

योगिनी : प्रोजेक्टसाठी मला लहान तुकडा पुरला असता. तो त्यांचा ताणा होता. चार साड्यांच्या उभ्या धाग्यांचा. केतकीची, तिच्या आईची, दोन आत्यांच्या. रेशीम दोन वर्षांपासून जपून ठेवलं होतं, कडुलिंबाचा पाला घालून. सगळ्या सौंसरला सांगून ठेवलं होतं त्यांनी की पोरीची पिवळी साडी मी माझ्या मागावर विणणार.

उदय : अरे देवा. हे तू मला सांगितलं नव्हतंस.

योगिनी : आईलाही नाही सांगितलं. रंगात होता तोवर पिवळाच दिसत होता, बाबा. बोअरच्या पाण्यात धुतला, अंगणात ताणून वाळत घातला, आणि आम्ही जेवायला बसलो. उठून बघतो तर कडेने राखाडी. मला वाटलं सावली पडलीय. मग मधूनही. चार वाजेपर्यंत सगळा ताणा चुलीतल्या राखेसारखा. काकू दारातून बघत होत्या. काका म्हणाले, "पाहू, उद्या उजळन." रेशीम उद्या उजळत नसतं हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

उदय : पण मग तू जे ज्युरीला नेलंस, ते राखी कापड...

योगिनी : तेच. जाताना रिकाम्या हाती नको म्हणून त्यांनी पाच दिवसांत दोन मीटर विणून दिलं. माझी परीक्षा बुडू नये म्हणून. आज विचाराल तर मला त्यात टॉप ग्रेड आहे.

उदय : परवा पेढे वाटले मी त्याचे डिपार्टमेंटात.

योगिनी : माहीत आहे.

उदय : ज्युरीला सांगितलंस ना, की हे चुकून झालं?

योगिनी : सांगणार होते. खरंच, बाबा, शब्द तयार होते तोंडात. पण बाहेरून आलेल्या त्या मॅडमनी फाइलमधले ते डाग पाहिले, कापड उचललं, खिडकीपाशी नेलं आणि म्हणाल्या, "ये ग्रे तुमने कैसे सोचा? गाँव का पानी ही रंग बन गया!" सगळे बघायला लागले. आमचे सर तर असे खूश, जणू त्यांनीच शिकवलंय. आणि मी...

उदय : आणि तू?

योगिनी : मान हलवली.

उदय : हं.

योगिनी : आता दिल्लीच्या प्रदर्शनात जाणार आहे ते. शेजारी पाटी लावायची आहे, रंगामागचा विचार लिहून द्या म्हणतात, उद्यापर्यंत. काय लिहू मी? लाज वाटते मला. खूप लाज वाटते. त्या कापडाकडे बघवत नाही आणि लोक त्याचे फोटो काढतात.

उदय : रडू नकोस. अं? रडून लोखंड निघत नाही. लग्न कधी आहे?

योगिनी : पुढच्या शुक्रवारी.

उदय : आज रविवार. म्हणजे बारा दिवस. थांब, कागद दे तो. आमच्याकडे शटडाऊनला असंच करतात, उलटं मोजायचं. एक साडी विणायला किती दिवस?

योगिनी : साधी, बारीक काठाची असेल तर पाच. काका चारात करतील.

उदय : पाच धर. त्याआधी?

योगिनी : ताणा करायला एक दिवस. मग एकेक धागा जोडायचा, त्याला दोन. पण बाबा, रेशीम?

उदय : रेशीम इथं रंगव. आज मी दोन कॅन आणलेच आहेत, उद्या आणखी चार आणतो. बॅटरी खूप खराब झालीय म्हणेन. तुझ्याकडे पांढरं रेशीम आहे ना उरलेलं?

योगिनी : एका साडीपुरतं निघेल. आडव्या धाग्याला कमी पडलं तर कॉलेजातल्या मैत्रिणींकडून घेईन मागून.

उदय : दोन दिवस रंगवायला आणि वाळवायला. बुधवारी सकाळी हबीबगंजहून गाडी...

योगिनी : राणी कमलापती. नाव बदललंय आता.

उदय : तेच ते. पांढुर्ण्याला उतरायचं, पुढे बस. मी रजा टाकतो. दोघं जाऊ. बुधवारी संध्याकाळी रेशीम त्यांच्या हातात. गुरुवारी ताणा, शुक्र-शनि जोडणी, रविवार ते गुरुवार विणकाम. बसतंय की! गुरुवारी रात्री साडी मागावरून उतरते, शुक्रवारी पोरगी नेसते.

योगिनी : बसतंय?

उदय : अगं, हे बघ ना, कागदावर तर बसतंय. लाव फोन. त्यांना म्हणावं माग तयार ठेवा. आणि पाण्याचंही सांग. चूक पाण्याची होती, हे त्यांना कळायला हवं.

योगिनी : पाण्याची नाही, माझी. तेच सांगते. लावते.

(गेले तीन आठवडे योगिनी हा नंबर काढायची आणि परत ठेवून द्यायची. आज मात्र तिने एका दमात लावला आणि फोन बाबांनाही ऐकू यावा म्हणून स्पीकरवर टाकला. पलीकडे लग्नघराचा गलका होता आणि फोन काकांऐवजी त्यांच्या मुलीने, केतकीने उचलला.)

केतकी : हॅलो? अगो बाई, योगिनीताई! तुमाले पत्रिका भेटली का? बाबानं पोस्टात टाकली होती.

योगिनी : नाही गं, अजून नाही. काका आहेत का?

केतकी : बाबा पत्रिका वाटाले पांढुर्ण्याले गेले. सांजेले येतीन. मले सांगा ना.

योगिनी : केतकी, ऐक. मी पिवळं रेशीम घेऊन येते. बुधवारी. माझे बाबा पण येताहेत. यावेळी रंग नाही बिघडणार, इथूनच रंगवून आणते. काकांना म्हणावं माग तेवढा तयार ठेवा. गुरुवारपर्यंत तुझी साडी होते. आम्ही सगळा हिशोब लावलाय दिवसांचा.

केतकी : ताई...

योगिनी : एकच साडी होईल, पण तुझी होईल.

केतकी : ताई, माग नाई ना आता.

योगिनी : नाही म्हणजे?

केतकी : काढला. खोलीत पाहुणे झोपतीन, तर मागाखालचा पायाचा खड्डा कसा ठेवता? माती टाकून बुजवला, वरून शेणानं सारवलं. अन तो ताणा होता ना, राखोडा, आई म्हणे लग्नघरात नको. बाबाच्यानं कापनं झालं नाई. कैची घेऊन बसले होते घंटाभर. मंग मामानं कापला.

योगिनी : लग्नानंतर पुन्हा बसवतील ना माग?

केतकी : विचारलं मी. म्हणे, पाहू.

उदय : पोरी, मी योगिनीचा बाबा बोलतो. तुझ्या वडिलांना एक सांगशील? त्यांच्या बोअरच्या पाण्यात लोखंड आहे. मी स्वतः तपासलंय, तीनदा. रंग त्यामुळे गेला. त्यांचा काही दोष नाही.

केतकी : नमस्कार काका. सांगतो. पन ते काई ऐकनार नाईत. ते म्हणते का ताईनं बराबर सांगतलं होतं, आपल्यालेच जमलं नाई. वीस वर्सं पुडीचा रंग केला, म्हणे, आता हात कुठून वळन.

योगिनी : नाही केतकी, असं नाही आहे. त्यांनी मला विचारलं होतं पाण्याचं. मी चुकीचं सांगितलं. चूक माझी आहे, पूर्ण माझी. त्यांना हे जसंच्या तसं सांग.

केतकी : जाऊ द्या ना ताई, तुमी काहून मनाले लावून घेता? तुमी तं चांगल्यासाठीच केलं. साडी घेतली आमी, इतवारीच्या बाजारातून. मस्त पिवळी हाय. सिंथेटिक हाय, पन चमकते मस्त. तुमाले एक काम सांगू का? रागावसान नाई ना?

योगिनी : सांग. काहीही सांग.

केतकी : तुमी लग्नाले याच. अन साडी बाजारची हाय हे घरच्याइलेच माहीत हाय. बाबा दोन वर्सं गावभर सांगत फिरले का मीच विणनार. आता पत्रिका द्याले गेले तं सगळे तेच विचारते, झाली का साडी? बाबा नुसतं हो म्हणते. घरी येऊन जेवत नाईत.

योगिनी : हं.

केतकी : तर लग्नात कोणी विचारलं तं तुमी सांगजा. प्रभाकरभाऊनंच विणली, मी समोर बसून पाह्यली, असं.

योगिनी : मी सांगू?

केतकी : आमी सांगतलं तं आत्या पदर उलटा करून पाहीन. तुमी भोपाळच्या, कालेजच्या. तुमी म्हटलं का कोणी हात लावून नाई पाहत.

योगिनी : सांगीन मी, केतकी.