दारापुढचं गाणं

धारूरच्या स्टँडवर गाडीची वाट बघत होतो. माझ्या शेजारी बाकावर लग्नाच्या बँडातले दोघं होते, क्लॅरनेटवाला जमील आणि ढोलवाले धर्मराज मास्तर. जमील मोबाइलवर गाणी ऐकवत होता.

“मास्तर, हे ब्राझीलचं जॅझ. याच महिन्यात आलंय. मांडवापुढं हेच वाजवतो, पोरं नाचून थकतील.”

“भारी हाय बे. अन् हे दुसरं?”

“तेबी तिकडचंच. बोसा नोव्हा म्हणतात.”

“लई हळू हाय. यावर वरातीत कोण नाचंल?”

“नाचायला न्हाईच ते.”

“मग कावून बसवलं?”

“वेशीकडचा रस्ता खोदलाय. आज वरात तुमच्या दारावरून जाणार.”

“माझ्या?”

“भाभीला जाऊन सव्वा महिनाबी न्हाई झाला.”

“दुखवट्याच्या दारापुढं बँड बंद ठेवायचा. रीत हाय आपली.”

“बंद ठेवला की घरातलं रडणं वरातीला ऐकू येतं. तुमची पोरगी दारातच असंल. मी हे हळू वाजवतो. नवरदेवाचं मन राहील, तिचंबी राहील.”

“अन् ढोल?”

“ढोल नको, मास्तर.”

“पुन्हा लाव बे. बोटानं वाजवून बघतो.”