टाकीतले जीव

तानाबाई : परत विझली बघ शेगडी. जरा फुरफुरती आन् जाती. काड्यापेटी संपाय आली, मोना.

मोना : आत्ती, आज सिलिंडर लावा ना. सम्राटला दूध पाजायची वाटी-चमचा उकळायचाय.

तानाबाई : लावती. पण आपल्या गोबरगॅसचं असं कधी झालं न्हवतं गं. रोजच्याएवढंच शेण कालवून घालतीया. आन् टाकीचा वास बी बदललाय. दवाखान्यात येतोय तसा.

मोना : दवाखान्यात? म्हणजे फिनेलचा?

तानाबाई : व्हय, फिनेलचाच.

मोना : आत्ती... गोठा धुतलेलं पाणी कुठं जातं?

तानाबाई : कुठं म्हंजे? नाळीनं टाकीतच जातंय की. का गं? तोंड का उतरलं?

मोना : मीच मारले त्यांना.

तानाबाई : कुणाला?

मोना : टाकीतल्या जिवांना. शेणात बारीक जंतू असतात, जनावरांच्या पोटातून आलेले. ते शेण खातात, तेव्हा गॅस होतो. आणि मी बाळाला घेऊन आल्यापासून सकाळ-संध्याकाळ गोठ्यात फिनेल ओततेय. कॉलेजात जंतूंचाच तर अभ्यास केला मी. तरी डोक्यात आलं नाही.

तानाबाई : आगं, मग रडतीस कशाला? म्हस मेली न्हाय आपली.

मोना : तुम्ही ओरडत का नाही माझ्यावर?

तानाबाई : काय म्हणून वरडू? नातू माझा काचंच्या पेटीत हुता, नळ्या लावल्याल्या. डॉक्टर म्हणाला, रक्तात जंतू शिरलाय. तवा तुझं तोंड बघितलंय मी.

मोना : अजून जंतूच दिसतात, आत्ती. दाराच्या कडीवर, पाळण्यावर, कपड्यांवर. सगळीकडं.

तानाबाई : माझ्या हातावर बी?

मोना : ...हो.

तानाबाई : ठावं हाय मला. म्हणून तर नातू मांडीवर मागितला न्हाय कधी. उंबऱ्यातनंच बघतीया त्याला.

मोना : आत्ती, मी...

तानाबाई : ऱ्हाऊ दे. आदी टाकीचं सांग. मेल्यालं जित्तं हुत्यात का?

मोना : नाही. पण नवीन वसवता येतात. फिनेलचं पाणी उपसून टाकायचं आणि चालू टाकीतली रबडी, म्हणजे आतलं पातळ शेण, आणून आत सोडायची. दुधाला विरजण लावतो ना, तसं.

तानाबाई : मग शेजारी जुलेखाची टाकी हाय की. ए जुलेखाऽ!

जुलेखा : काय वो तानाक्का?

तानाबाई : तुझ्या टाकीतली रबडी दे बादलीभर. आमच्यातलं जीव मेल्यात.

जुलेखा : बादलीभरानं काय हुतंय, पिंपभर न्या की! पण जीव कसलं म्हंते मी?

मोना : भाभी, डोळ्यांना दिसत नाहीत ते.

जुलेखा : आत्ता गं! इतकी वर्सं आमची बिर्याणी कोण शिजवतंय ते मला म्हाईतच न्हवतं. चला, पिंपाला हात लावा ह्या बाजूनं. सूनबाई, तू बी? हाताला लागंल बघ.

मोना : लागू दे.

(काही दिवसांनी, शेगडी पुन्हा पेटली त्या सकाळी, स्वयंपाकघरात.)

तानाबाई : बघ, कसा निळा जाळ धरलाय! च्या ठेवती. मोना, एक इचारू? पोराच्या पोटात बी असत्यात का गं असलं जीव?

मोना : असतात. असावेच लागतात. दवाखान्यातल्या औषधांनी वाईटांबरोबर चांगलेही गेले असतील. आता परत वसतायत. माझ्या दुधातून, अंगावरून.

तानाबाई : तुझ्याच?

मोना : घरातल्या सगळ्यांच्याच. डॉक्टर म्हणाले होते मागच्या खेपेला, वजन चांगलं वाढलंय, आता घेऊ दे सगळ्यांना. मीच सांगितलं नाही तुम्हाला. धीर होत नव्हता.

तानाबाई : नसू दे. हुईल तवा सांग.

मोना : हात साबणानं धुवा, आत्ती.

तानाबाई : आं?

मोना : धुवा ना.

तानाबाई : धुतलं. ह्ये बघ, नखं बी बघ.

मोना : बसा खाली. मांडी घाला. मानेखाली हात धरा.

तानाबाई : आगं, पोरं वाढवल्यात मी. तुझा नवरा कुणी वाढवला?

मोना : माहीत आहे. तरी धरा.

तानाबाई : धरला, धरला. आई गं... किती हलका हाय. मोना, बघतोय गं माझ्याकडं.

मोना : चहा मी बघते. तुम्ही उठू नका.