सोळा माणसं आणि ऑर्व्हल

हॅलो?

हो, मीच. आर्डिथ... दुसरं कोण असणार माझ्या स्वयंपाकघरात?... अगं बर्नीस, तू होय. आधी तो टीव्ही बारीक कर. तुझ्या तोंडून तीन-तीन माणसं बोलताहेत.

हं. आता बोल.

नाही, मी नाही लावला टीव्ही... नाही लावला म्हणजे नाही लावला. शाळेतल्या मतदानाच्या सभेतून आले, राजमा घातलेली चिली शेगडीवर ठेवली, तेवढंच.

काय म्हणतेस... आपला हॅगस्ट्रॉम पुढे? कितीने?... आणि मोजणी किती झालीय?... चार टक्के. चार टक्क्यांवर तू तिकडे अ‍ॅरिझोनात नाचायला लागलीस. अगं, अजून आधण आलं नाही आणि तू शीत चेपून बघतेयस.

हो, हो... माहितीय गं. आमच्या आयोवात जो पुढे गेला तो राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीत टिकला, जो मागे पडला तो घरी गेला. मला नको शिकवूस. पण चार टक्के म्हणजे चारच.

रस्ते? रस्ते बरे होते. थंडी आहे, पण वारा नाही... चिलीबरोबर दालचिनीचे रोल केलेत. हो, तेच. जुलैत हॅगस्ट्रॉम इथे याच टेबलाशी बसून तीन खाऊन गेला. सिनेटर असून आपली बशी आपण धुतली त्यानं. तेव्हाच म्हटलं, माणूस बरा आहे. शब्द दिला त्याला, आमच्या शाळेतला तुमचा कोपरा मी भरून दाखवते.

टाळत नाहीय मी... कुठे टाळतेय?... बरं. सोळा.

सोळा गं. बहिरी झालीस का?... सतरा लागत होते.

अगं ऐक ना. एकशे बारा माणसं आली होती. त्याचे पंधरा टक्के. आठवीतून शाळा सुटली असली तरी तेवढं मला काढता येतं. सोळा आणि वर जवळजवळ एक माणूस. आता जवळजवळ माणूस कुठून आणायचा? म्हणून सतरा... तू विसरलीस वाटतं सगळं. बावीस वर्षं तिकडे ऊन खातेयस, पडद्याआड चिठ्ठी टाकायची नि घरी जायचं. इथे अजून सगळ्या गावादेखत ज्याच्या त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहावं लागतं. माणसं कमी पडली की कोपरा मोडतो. अर्धा तास देतात, तेवढ्यात दुसऱ्याची माणसं वळवायची, नाहीतर मुकाट दुसरीकडे जाऊन मिळायचं.

हो, एकच कमी पडला... कोण म्हणजे?

ऑर्व्हल.

कोण ऑर्व्हल काय विचारतेस, माझा नवरा. एक्कावन्न वर्षं झाली, तूच तर करवली होतीस.

आजारी-बिजारी काही नाही. माझ्या शेजारी बसून गाडीतून आला. दारात नाव नोंदवलं, टोपी काढली. मी आमच्या कोपऱ्यातल्या मर्नाशी दोन शब्द बोलून वळून बघते, तर हा चालत चालत घड्याळाखालच्या कोपऱ्यात. 'अजून ठरलेलं नाही' म्हणणाऱ्यांच्यात... असतो गं तसाही एक कोपरा. ज्यांना कुणीच पसंत नाही त्यांचा.

हस. पोटभर हस. तुझे तीन नवरे तीन दारांनी गेले तेव्हा मी हसले होते का?... बरं, दुसऱ्याच्या वेळी हसले. थोडंसं.

मग काय होणार... मर्ना म्हणाली, जा गं, घेऊन ये त्याला, घरचंच तर माणूस आहे. आमच्या कोपऱ्यातले सगळे माझ्याकडे बघायला लागले. गेले. अख्खं बास्केटबॉलचं मैदान ओलांडून गेले. गुळगुळीत फरशी, माझे बूट करकर वाजताहेत, आणि शाळेच्या त्या जिममध्ये कुणी खोकत पण नाही.

काय म्हणणार? 'चल' म्हणाले. नवऱ्याला आणखी काय म्हणतात?... मान हलवली त्यानं. नाही अशी. एक्कावन्न वर्षांत ती मान तिकडेही वळते हे मला ठाऊक नव्हतं.

हळूच म्हणाला, 'आर्डिथ, ते कार्ड मी भरलेलं नाही.'

कार्ड गं, पाठिंब्याचं. जुलैत हॅगस्ट्रॉमच्या माणसांनी दोन दिली होती. मी दोन्हीवर सही करून परत दिली... हो, त्याच्या नावाची सुद्धा. त्याची सही मीच करते नेहमी. चर्चच्या कागदावर, त्याच्या भावाच्या वाढदिवसाच्या कार्डावर. कधी चकार शब्द काढला नाही त्यानं.

नाही... विचारलं नव्हतं.

आज पण नाही. एकदा सांगितलं ना तुला, विचारलं नाही.

कोपरा मोडला, आणखी काय. नऊजण तिकडे दुसऱ्या उमेदवाराकडे, त्या मोरेलीकडे गेले, बाकीच्यांनी कोट घातले. मी?... मी कुणाकडे जाऊ? गाडीत जाऊन बसले. हा शेवटपर्यंत आत. खुर्च्या पण आवरल्या असतील, त्याचं काही सांगता येत नाही. मग आला, गाडी सुरू केली. सात मैल. इथे दारात सोडलं मला.

गॅरेजमध्ये आहे. खिडकीतून दिवा दिसतोय मला. वीस मिनिटं झाली, बर्फ काढायचं यंत्र पुसतोय. आजवर कधी फडकं लागलं नव्हतं त्याला.

काय? पुन्हा सांग... एकतीस टक्के मोजून झाले?... हॅगस्ट्रॉम तिसरा. हं.

वाईट वाटणारच ना बर्नीस. एका कोपऱ्यानं तो बुडत नाही, पण शब्द मी दिला होता. पत्र लिहीन त्याला. जमलं नाही, माझी चूक झाली, असं लिहीन. तेवढं मला येतं... ते येतं म्हणतेय. हे दुसरं नाही येत.

विचारू काय पण? आता या वयात गॅरेजमध्ये जाऊन उभी राहू, आणि म्हणू की बाबा रे, तुझं मत काय?... आणि त्यानं सांगितलं तर?

भीती कसली... तसं नाही गं. मोरेली आवडतो म्हणाला तर म्हणू दे, त्यानं माझं काय जातंय. पण एकदा विचारलं की माणूस तेवढ्यावर थांबतो का? हे शेत, हे घर, मुलांची नावं, सगळं मीच ठरवलं. आणि समजा त्याला दालचिनीचे रोलही आवडत नसले तर... तू हसतेयस. मी नाही हसत.

थांब. दिवा विझला.

अगं थांब ना, येतोय तो... नाही, ठेवू नकोस. धर जरा.

ऑर्व्हल, दार ओढून घे, थंडी आत येतेय... चिली गरम आहे. बर्नीसचा फोन आहे. हॅगस्ट्रॉम तिसऱ्या नंबरावर गेलाय म्हणते... नाही, तुला ऐकवायला नाही सांगत.

ऑर्व्हल.

तुला कोण बरा वाटतो?

यांच्यात गं... यांच्यात रे. सगळ्यांच्यात... चेष्टा कशाला करीन? मला माहीत नाही, म्हणून विचारतेय.

बस तरी आधी.

बर्नीस, आहेस का?... आहे ना, ऐकलंस ना, मग झालं. आता मी ठेवते. टीव्हीवाले काय म्हणतात ते उद्या सांग... हो, बसलाय. टोपी टेबलावर ठेवलीय, चमच्याला हात लावलेला नाही. सुरुवात त्यानं बहात्तर सालच्या निवडणुकीपासून केलीय.

वेळ लागेल गं. ठेव.