सात वर्षांचा पक्षी

...आणि वर म्हणतात, छान आहे. आता छान आहे म्हणजे काय हो? हवा छान असते, शर्ट छान असतो, दाढी केल्यावर मीसुद्धा छान दिसतो, पण सात वर्षं, ऐकताय ना, सात वर्षं खपून माणूस एक पक्षी उभा करतो आणि त्याच्याकडे बघून तुम्हाला एवढंच सुचतं?

तुम्हाला सांगतो, चाळीस वर्षं मी शिलाई मशिनं दुरुस्त केली. दुकानात मोडीत निघालेल्या मशिनांचा ढीग पडलेला असायचा, त्यातलं एक चाक असंच फिरवता फिरवता एक दिवस माझ्या लक्षात आलं की सुई जशी वरखाली होते ना, अगदी तशीच चिमणी मान हलवते. झालं, तिथून जे वेड लागलं... दोनशे तेरा भाग. स्प्रिंगा, दांड्या, बॉबिनी, बिस्किटांच्या डब्यांचा पत्रा कापून केलेलं एकेक पीस. सख्ख्या भाचीच्या लग्नात मी खिशात कानस घेऊन हिंडत होतो, विचारा कुणालाही. किल्ली दिली की आधी तो मान वळवून तुमच्याकडे बघतो, म्हणजे अगदी जोखून घेतो तुम्हाला, मग डावा पंख, मग उजवा, मग खाली वाकून समोरचा मोहरीचा दाणा चोचीत धरतो आणि गिळतो. गिळतो हो. ते गिळणं जमायलाच दीड वर्ष गेलं.

त्यानं पहिला दाणा गिळला तेव्हा मी खुर्चीतून उठलो आणि लगेच परत बसलो. हिला हाक मारली. ही हात पुसत आली, सगळं शेवटपर्यंत नीट पाहिलं, मला वाटलं आता हिच्या डोळ्यांत पाणी येणार, मी रुमालसुद्धा काढून ठेवला, तर ही म्हणाली, "छान आहे. आता ते टेबल रिकामं होईल ना?"

बरं, बायकोचं सोडा, ती सात वर्षं टेबलाविना राहिली होती. जावई आले. कॉम्प्युटरमधला माणूस, म्हटलं यांना कळेल. तर विचारतात काय, बाबा, याला चार्ज व्हायला किती वेळ लागतो? मी म्हटलं, किल्ली द्यायची असते. तर म्हणाले, "अच्छा, मॅन्युअल आहे." आणि हे इतक्या हळू आवाजात, जणू मी त्यांना माझा एखादा आजार सांगितला होता. नातीला दाखवला. सहा वर्षांची पोर, तिला तरी नवल वाटेल की नाही? तिनं पक्षी पाहिला, मग मोबाईलवर करतात तसं त्याच्यावर बोट ठेवून बाजूला सरकवला... पुढचा येतो का बघायला! शेजारचे काका म्हणाले, छान आहे, पण कशाला? आता कशाला ते मला माहीत असतं तर मी सात वर्षं घालवली असती का?

शेवटी म्हटलं, घरच्यांपुढे दाखवण्यात अर्थ नाही, जाणकारांत जाऊ. वाचनालयाच्या सभागृहात हातानं केलेल्या वस्तूंचं प्रदर्शन होतं, तिथं नाव दिलं. टेबल नंबर चौदा. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. चौऱ्याण्णव वेळा किल्ली दिली मी, मनगट बघा अजून सुजलंय. माणूस यायचा, मोबाईल वर करायचा, फोटो काढायचा, आणि इकडे जिवंत, म्हणजे जवळजवळ जिवंत पक्षी दाणा गिळतोय तर हा मान खाली घालून त्याचा फोटो बघतोय. छान आहे, म्हणायचा, की चालला. परीक्षक बाई आल्या, पक्षी वाकला, चोच उघडली, आणि नेमक्या तेव्हा त्यांनी घड्याळात पाहिलं, जेवणाची वेळ झाली होती. कागदावर काहीतरी खरडलं. मी वाकून वाचलं. 'छान प्रयत्न.'

शेजारी तेरा नंबरच्या टेबलाशी एक बाई बसल्या होत्या, माझ्याच वयाच्या. माझं सगळं गाऱ्हाणं दिवसभर त्यांनीच ऐकलं. मी म्हणत होतो, जगातलं नवलच संपलं हो, डोळे सगळ्यांना आहेत पण बघत कुणी नाही. त्या मान हलवायच्या. पाणीसुद्धा त्यांनीच दिलं. पाचच्या सुमाराला त्या म्हणाल्या, दादा, परत एकदा किल्ली द्या. पक्ष्यानं पंख उघडले तशा पुढे वाकून त्यांनी विचारलं, "पत्र्यावर पत्रा घासून आवाज होऊ नये म्हणून आतून काय लावलंत?"

सात वर्षांत पहिला खरा प्रश्न. फ्लॅनेलच्या पट्ट्या, म्हटलं, आणि मग जो सुरू झालो तो सहा वाजेपर्यंत थांबलोच नाही, आणि त्या बाई ऐकत होत्या, अगदी तोंड उघडं ठेवून.

सहाला आवराआवर सुरू झाली. त्यांनी आपली वस्तू जुन्या चादरीत गुंडाळली, खोक्यात ठेवली, वर दोरी बांधली. मी आपलं माणुसकी म्हणून म्हटलं, जाऊ द्या ताई, लोकांना कदर नाही.

त्यांनी गाठ मारली आणि काही राग नाही, काही नाही, साधं म्हणाल्या, "दादा, दिवसभरात तुम्हीही एकदा इकडे पाहिलं नाहीत."

मी म्हटलं, दाखवा ना आता, दाखवा. तर म्हणाल्या, नऊ वर्षांचं काम आहे, सोडायला आणि मांडायला अर्धा तास जातो, आणि माझी बस आहे. खोकं उचललं आणि गेल्या.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. म्हटलं, माणसं अशी असतात बघ, म्हणजे मीच. आणि ही, जिनं माझ्या पक्ष्याबद्दल कधी दुसरा प्रश्न विचारला नाही ती ही, हातातलं काम बाजूला ठेवून माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "अहो, नऊ वर्षं? काय केलं होतं हो त्यांनी?"

मी डोळे मिटले. आठ तास, हाताच्या अंतरावर. काहीतरी निळं होतं... की ते टेबलावरचं कापड? ही आपली बघतेय माझ्या तोंडाकडे.

काय सांगणार? म्हटलं, छान होतं.