वरून चौथं बटण

साल दोन हजार तेवीस, सप्टेंबरची अठरा तारीख, सोमवार, आमच्या पाच दिवसांच्या आठवड्यातला पाहिंग, म्हणजे बाजाराचा दिवस, चार महिने आभाळातून थेंब नाही, पाटात जेमतेम घोटाभर पाणी... आणि अशा दिवशी, तुम्हाला सांगतो, अशा दिवशी त्या वेबसाइटच्या कंपनीवाल्यांना नवीन बटण बसवायची हुक्की आली! कुणी मागितलं होतं बटण? मी मागितलं होतं? पाटावर नवा दरवाजा बसवायचा तर मी आधी चाळीस घरं फिरतो, विचारतो, भांडतो, मग एक फळी ठोकतो. ह्यांनी कुणाला न विचारता रातोरात बसवलं. तेही कुठे? वर! सगळ्यांच्या वर! आणि खालची सगळी बटणं एकेक घर खाली सरकली.

मी सोनोकार्यो. जावातल्या आमच्या डोंगरउतारावरच्या गावाचा पाटकरी. सदतीस वर्षं झाली. कुणाच्या भातात पाणी कधी सोडायचं आणि कधी तोडायचं, ते मी ठरवतो. लोक मला म्बाह म्हणतात, म्हणजे आजोबा, पण आजोबांसारखं गोड बोलणं मला जमत नाही. पाटाला एकेचाळीस दरवाजे. एकावरही नाव नाही, आकडा नाही. डोळे बांधून सोडा मला, फणसाच्या खोडापासून डावीकडे तिसरा दरवाजा कुणाचा ते सांगतो. नुसतं पाण्याच्या आवाजावरून सांगतो.

मग वेबसाइट आली. पाणीपाळीचा तक्ता म्हणे त्यात टाकायचा, लोकांनी फोनवर बघायचा. मी म्हटलं, मला विचारा की, मला तोंड आहे! आमचा लुराह, गावप्रमुख हो, मिशा काळ्या करतो, तो म्हणाला, "म्बाह, पण उद्या तुम्ही गेलात तर?" म्हटलं, "मी कुठे जातोय?" तर बोट वर करून दाखवतो! काय बोलायचं ह्या माणसाला?

साइट चालवायला वेनिंग. मारसुदीची मुलगी. मारसुदी आमचा चारिक होता, गावाचा कारकून, दोन वर्षांपूर्वी गेला. पोरगी बापावर गेलीय. कमी बोलते, कागद टेबलावर आपटून कडा सरळ करते. नोकरी वर्षावर्षाच्या कराराची, आणि करार संपत होता त्याच महिन्यात. लुराहचा भाचा गालिह केस उभे करून दारात तयारच.

मी रोज सकाळी सातला कचेरीत जातो. वेनिंग यंत्र चालू करते आणि कॉफी करायला मागे जाते, तेवढ्यात मी तिच्या खुर्चीत बसून तक्ता बघतो. वरून चौथं बटण दाबायचं. समोर ओळी उघडतात, त्यातली तिसरी दाबायची. मग खालचं निळं. तक्ता हजर. जिथे शेत तिथे चौकोन, हिरवा म्हणजे पाणी चालू, लाल म्हणजे बंद. नावं मी वाचत बसत नाही. चष्मा घरी राहिलेला असतो.

चष्म्याचं काय झालं, ते ऐका. एकदा गावात डोळ्यांचे डॉक्टर आले, फुकट तपासणी. भिंतीवर अक्षरांचा कागद लावला आणि म्हणाले, "सगळ्यात वरचं मोठं अक्षर कोणतं?" मी गप्प. "बरं, त्याच्या खालचं?" गप्प. डॉक्टर घाबरले! म्हणाले, "अहो, तुम्ही इथपर्यंत चालत आलात कसे?" आणि बाटलीच्या बुडाएवढ्या जाड काचांचा चष्मा दिला. तो लावून मी पाटावर गेलो आणि तिसऱ्या पावलाला सरळ पाटात! बायको, तुमिरा, काठावर उभी राहून हसत म्हणते कशी, "अहो, पाणी किती ते बघायला आत कशाला उतरलात?" तेव्हापासून चष्मा घरीच. कुणी कागद पुढे केला की म्हणायचं, चष्मा घरी राहिला, तूच वाच. माणूस वाचतो. बिचारा म्हातारा, म्हणतो. बरं पडतं.

तर तो सोमवार. बसलो. वरून चौथं, मग तिसरी ओळ, मग निळं. यंत्राने डोळे मिचकावले. मला, तुम्हाला सांगतो, मला आधी काही फरकच वाटला नाही! अक्षरं होती तशी अक्षरं. फक्त हिरवं-लाल दिसेना. मग नीट बघितलं तर प्रत्येक अक्षराला हातपाय! एक कमरेवर हात देऊन उभं, एक लंगडतंय, एकाच्या डोक्यावर टोपी. हळूच उठलो आणि बाकावर जाऊन बसलो.

वेनिंग कॉफी घेऊन आली. कपबशी वाजली.

"म्बाह... कुणी हात लावला का इथे?"

"मी कशाला लावीन? चष्मा घरी राहिलाय माझा."

हे मी बोललो. मीच. जीभ अडखळली नाही. सदतीस वर्षांची सवय, दुसरं काय!

नवीन बटणामुळे माझं चौथं पाचवं झालं होतं आणि चौथ्या जागी दातेरी चाक आलं होतं. त्या चाकातून अख्ख्या साइटची भाषा बदलते. मी तिसरी ओळ दाबली, ती निघाली आफ्रिकेतल्या कुठल्याशा देशाची भाषा. चांगली माणसं असतील तिथली, पण आमच्या गावात त्यांचं कुणी नाही! आणि परत जायचं तर ज्या यादीतून आपली भाषा निवडायची, ती यादीसुद्धा त्याच हातपायवाल्या अक्षरांत! किल्ली घरात ठेवून बाहेरून कुलूप लागावं तसं. वेनिंगने फोन धरून अर्थ काढायला बघितला, तर फोन म्हणाला, "तुमची बकरी जतन करायची का?" कंपनीला फोन केला, ते म्हणाले, तीन दिवस लागतील.

आणि दहा वाजता वरच्या कचेरीचे दोन साहेब येणार होते. काय बघायला? साइट बघायला!

बाजाराचा दिवस, त्यात प्रत्येकाच्या फोनवर तीच अक्षरं. तासाभरात कचेरीच्या ओसरीवर निम्मं गाव. "माझी पाळी आज का उद्या?" "हे काय, मंत्रतंत्र आहे का?" तुमिरा तळलेलं तेंपे, सोयाबीनच्या वड्या हो, केळीच्या पानात बांधून घेऊन आलेली, तीही गर्दीत. लुराह आला. गालिह आला, कंगवा फिरवत. म्हणाला, "मामा, मी असतो तर असं झालंच नसतं."

"तू असतास तर यंत्रच विकलं असतंस," तुमिरा म्हणाली. माझी बायको बोलते ती अशी.

लुराह वेनिंगवर घसरला. "दर शनिवारी साइट इंग्रजीत, रविवारी परत! हा पोरखेळ तुझाच ना?" आता हे शनिवारचं खूळ कुणाचं? ह्याचंच! धबधबा बघायला परदेशी पाहुणे येतात म्हणून. पण पोरगी तसं म्हणाली नाही. म्हणाली, "शेवटचा हात माझाच असेल."

मी बाकावर. चष्मा घरी.

लुराहने तिच्याकडून कागद लिहून घेतला. घड्या न पडलेला पांढरा कागद. माझ्या हातात दिला. "म्बाह, गावचे सर्वांत जुने कामदार तुम्ही. वाचा आणि साक्षीदार म्हणून सही करा."

सही मला येते. सही म्हणजे चित्र. मारसुदीने शिकवलं होतं.

आता मारसुदीचं सांगतो. एकोणीसशे शहाऐंशी साली मी पाटकरी झालो, तेव्हा वरच्या साहेबासमोर शपथ वाचावी लागे. मारसुदी नऊ दिवस मला पाटाच्या दगडावर बसवून शपथ म्हणून दाखवायचा. मला पाठ झाली. शपथेच्या दिवशी अख्खं गाव समोर, मी छाती पुढे काढून कागद धरला, तोंड उघडलं, आणि मारसुदी टोपी सावरत सावरत जवळ आला, माझ्या हातातून कागद घेतला, झटकला आणि परत दिला. मी शपथ घेतली. मागाहून कळलं, कागद उलटा धरला होता मी. कुणाला दिसलं नाही. पुढे दर गुरुवारी तो पाळीची वही काढायचा आणि माझ्यासमोर मोठ्याने वाचायचा. "मला ना, मोठ्याने वाचल्याशिवाय कळत नाही," म्हणायचा. एवढा शिकलेला माणूस! पस्तीस वर्षं वाचली. एकदाही काही बोलला नाही. मीही बोललो नाही. आभार मानावेत, तर कशाचे मानतोय ते सांगावं लागलं असतं.

तर तो पांढरा कागद माझ्या हातात, सगळे बघतायत, मी म्हणणार तेच, चष्मा घरी... तेवढ्यात वेनिंग पुढे झाली. माझ्या हातातला कागद घेतला, टेबलावर आपटून कडा सरळ केल्या आणि परत दिला. फिरवून. आणि लुराहला म्हणाली, "मीच वाचते. मला मोठ्याने वाचल्याशिवाय चुका दिसत नाहीत."

वाचायला लागली. "माझ्या निष्काळजीपणामुळे साइटची भाषा बदलली, म्हणून मी स्वखुशीने नोकरी..."

बापाचाच आवाज हो. गुरुवारचा.

म्हणजे पोरीला ठाऊक होतं. किती वर्षं, कोण जाणे. आणि ती माझीच करणी आपल्या नावावर वाचत होती!

मी उठलो. म्हटलं, "खुर्ची सोड."

"म्बाह, यंत्राला हात लावू नका!" लुराह ओरडला.

"लावून झालाय. सकाळी मीच लावला."

बसलो. नवा दरवाजा वर बसला की खालचे सगळे एकाने सरकतात, हे पाटकऱ्याला शिकवायचं का? चाक पूर्वी तिसरं होतं, आता वरून चौथं. दाबलं. यादी उघडली. वेनिंग रविवारी साइट घरच्या भाषेत आणते तेव्हा तिचा हात कुठे जातो, ते तीन वर्षं बाकावरून बघतोय मी. वाचणारा माणूस अक्षर बघतो, जागा बघत नाही, म्हणून त्याची अक्षरं गेली की तो आंधळा होतो. मला जागाच तेवढी दिसते. दोनदा खाली सरकवलं. खालून पाचवी ओळ. निळं.

यंत्राने डोळे मिचकावले. हिरवं आलं, लाल आलं. ओसरीवर पन्नास फोन एकदम बघितले गेले.

लुराह तोंड उघडं टाकून उभा. "म्बाह! तुम्हाला ती लिपी वाचता येते?"

दहाला पाच कमी. मी तुमिराकडे बघितलं. ती पदराशी चाळा करत होती. ह्या एका बाबतीत ती आजवर कुणाशी थट्टेतही बोललेली नाही.

"नाही," मी म्हटलं. "ती येत नाही. आपलीही येत नाही. कुठलीच येत नाही. कधीच येत नव्हती."

कुणी हसलं नाही. हसले असते तर सोपं गेलं असतं. गालिहने कंगवा खिशात घातला. बाहेर साहेबांची गाडी वाजली. लुराहने तो पांढरा कागद वेनिंगच्या हातातून घेतला, तुमिराने तो लुराहच्या हातातून घेतला, त्यात चार तेंपे गुंडाळले आणि साहेबांसमोर ठेवले. साहेबांनी साइट बघितली, बोटं पुसली, ठीक आहे म्हणाले. वेनिंगच्या करारावर पुढच्या वर्षाचा शिक्का बसला.

आता गाव माझ्यापुढे कागद धरत नाही. सरळ वाचूनच दाखवतात, तेही सावकाश, बहिऱ्याला सांगावं तसं! ऐकतो. करतो काय? चष्म्याचं नाव घ्यायची सोय राहिली नाही.

पण दुसऱ्या दिवशी पाटावर जाताना मारसुदीच्या कबरीपाशी थांबलो. चाफ्याची फुलं पडली होती, बाजूला केली. म्हटलं, चारिक, तू माझा कागद सरळ केलास. मी तुझ्या पोरीचा केला.

फिटलं.