कारचा पट्टा घरीच बदलायचा

वर्ध्याच्या स्पेअर पार्टच्या दुकानात स्कूटीचा बल्ब घ्यायला आलेल्या सुरभीच्या पुढे एक नवरा-बायको उभे होते.

“लांब दांड्याचा पाना घेतो. इंजिनच्या पट्ट्याचा ताण त्याच्यानं लवकर ढिला होते.”

“मेकॅनिकले काऊन नाई बोलवत? उद्या याच कारनं पोरीच्या साक्षगंधाले जाचं हाये.”

“मेकॅनिकले काय समजते? मी व्हिडिओ पाह्यला. हातमोजे घेतो, अन् डोक्याले बांधाचा टॉर्चबी.”

“व्हिडिओ मीबी पाह्यला. जुना पट्टा काढाच्या आधी फोटो काढा म्हणे. नाईतर नवा कोणत्या चाकावरून कसा घालाचा, ते समजत नाई.”

“काढला नं सकाळीच.”

“फोटो?”

“पट्टा.”

सुरभीनं ओठ घट्ट मिटले आणि दुकानाच्या छताकडे पाहिलं.