मुंडक्याचं तिकीट

"काका, मांडीवरच्या या मुंडक्याचं तिकीट काढलंत का?"

मागच्या सीटवरच्या मैत्रिणींनी विचारून दाखव म्हणून पैजच लावली होती, म्हणून भिंगरीने भर बसमध्ये विचारून टाकलं. पुढच्या सीटवर आईबाबा तिचं नाव विज्ञानाच्या क्लासला घालायला निघाले होते.

"अर्धं काढलंय. खांद्याखाली काही नाहीच ना त्याला!"

"कोण आहेत हे?"

"चौकातले सेनापती. खरा पुतळा कोणी फोडू देत नाही, म्हणून सिनेमात आम्ही केलेला फुटतो."

"फुटतो कसला!" शेजारच्या काकू फणकारल्या. "गेल्या खेपेला हिरोचा घण मोडला, पुतळा जागचा हलला नाही. आज मान तुटली नाही, तर यांचं काम सुटलं."

"कच्चं काम हाताला येत नाही गं."

"म्हणून या वेळी मान मी केलीय. टिचकीत तुटेल."

तेवढ्यात बसने करकचून ब्रेक मारला. सेनापती गडगडत थेट बाबांच्या पायाशी गेले.

"अगंबाई! ओरखडासुद्धा नाही? मानेत तार घातलीत ना तुम्ही?"

"एकच. बारीकशी."

"मी काढू?" भिंगरीने मुंडकं उचलून तार अलगद ओढली. सेनापतींची मान डुगडुगायला लागली.

"हात हलका आहे हो पोरीचा! शनिवारी ये आमच्या कारखान्यात," काकू म्हणाल्या.

"आई, बाबा, क्लास राहू दे. मी पुतळे करायला शिकणार. वेळेवर फुटणारे!"